हवालदार मुकादम यांची सतरा वर्षं

अमिरातीतल्या रास अल खैमाजवळची दगडखाण ही माझी पेन्शननंतरची पहिली पोस्टिंग. बाकीचे लोक तिला जॉब म्हणायचे. माझ्या तोंडात पोस्टिंग हाच शब्द बसला होता. मुंबईच्या एजंटने शुक्रवारी कळवलं, मंगळवारी विमान होतं, आणि बुधवारी सकाळी सहाला मी डोंगराच्या पायथ्याशी हेल्मेट घालून उभा होतो. नव्वदीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. हुद्दा क्वारी सुपरवायझर, पगार अठराशे दिरहॅम, म्हणजे तेव्हाचे पंधरा हजार रुपये. गावी हा आकडा सांगितला तेव्हा थोरल्या भावाने तो दोनदा विचारून घेतला.

ही नोकरी मला एका कागदामुळे मिळाली. सिव्हिल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा. तो मला फौजेने दिला. दुबईत मराठी मंडळींच्या कार्यक्रमांना जातो तेव्हा लोक मला लढाईबद्दल विचारतात. मुलं तर सरळ इंग्रजीत, "अंकल, डिड यू शूट एनीवन?" मी नाही म्हणतो आणि त्यांचे चेहरे उतरतात. खरं आहे ते सांगतो. मी फौजेत शिकायला गेलो. हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही.

आमचं गाव पोलादपूरजवळ. वडील शाळेत शिपाई, आम्ही पाच भावंडं. मी बारावी सायन्सला बरे मार्क मिळवले. इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. फी आणि हॉस्टेलचा खर्च वडिलांनी एका संध्याकाळी पाटीवर मांडून पाहिला, मग पाटी पुसून ठेवली. शेजारी एक रिटायर्ड सुभेदार राहायचे. ते म्हणाले, "इंजिनिअर्समध्ये भरती हो. तिथे खायला घालतात, पगार देतात आणि डोकं असेल तर शिकवतातही. बदल्यात नोकरी करायची. सौदा सरळ आहे." पंधरा दिवसांनी मी खडकीला ट्रेनिंग सेंटरच्या गेटवर होतो.

ट्रेनिंगनंतर पलटणीत गेलो. तिथे सेक्शनमध्ये मला सीनियर होता सॅपर, म्हणजे इंजिनिअर पलटणीचा जवान, युसुफ मुकादम. दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचा. त्याच्या गावात मुलगा अठराचा झाला की पासपोर्ट काढतात. त्याचे तिन्ही भाऊ गल्फला गेले. हा एकटा उलट्या दिशेने फौजेत आला. का, असं विचारलं की म्हणायचा, मला दोरी वळता येते, होडी हाकता येते, गल्फमध्ये त्याचं काय करणार? इंजिनिअर पलटणीत मात्र त्याचं खूप काही करता येत होतं. पूल बांधणं, नदीवर दोर टाकणं, माणसं आणि सामान पार करणं हेच आमचं काम. पाण्याकडे पाहून त्याचा वेग तो पावलांत सांगायचा. मला गाठी त्याने शिकवल्या. डोळे बांधून, पाठीमागे हात घेऊन, थंडीत बोटं बधिर झालेली असताना.

पलटणीला डिप्लोमाच्या कोर्ससाठी दरवर्षी थोड्या जागा यायच्या. परीक्षा असायची: गणित, सायन्स, इंग्रजी. पास झालेल्या जवानाला पुण्याला तीन वर्षं शिकायला पाठवायचे. पूर्ण पगार, पुस्तकं, राहणं, सगळं सरकारचं. जवानाने फक्त एवढं लिहून द्यायचं की शिकून झाल्यावर पलटण सोडून जाणार नाही. आम्ही दोघांनी फॉर्म भरले. परीक्षेआधी अडीच महिने युसुफने माझ्या गार्ड ड्यूट्या स्वतःकडे घेतल्या. मी म्हटलं, तूही परीक्षेला बसतो आहेस. तो म्हणाला, माझं गणित पक्कं आहे आणि इंग्रजी अडीच महिन्यांत येणारं नाही, तू वाच.

तसंच झालं. मी पास झालो. तो इंग्रजीत नापास झाला. रिझल्ट लागला त्या दिवशी लंगरमध्ये माझ्या ताटातलं जेवण तसंच होतं. त्याने माझ्या ताटात स्वतःचा अंड्याचा तुकडा टाकला.

"दोघांतला एक गेला. निम्मं काम झालं," तो म्हणाला. "राहिलेलं निम्मं सलमा करेल."

सलमा त्याची मुलगी. तेव्हा ती तीन महिन्यांची होती.

मी शिकून परत आलो. हवालदार झालो, पुढे नायब सुभेदार. युसुफ हवालदार झाला आणि सतरा वर्षं पूर्ण करून पेन्शनवर गेला. शेवटची काही वर्षं मी त्याचा वरिष्ठ होतो. ड्यूटीवर तो मला साब म्हणायचा, ड्यूटी संपली की मोरे. त्याची गल्लत त्याच्याकडून कधी झाली नाही. माझ्याकडून व्हायची.

खाणीवर माझं एक वर्ष झाल्यावर मॅनेजरने विचारलं, रिगिंग, म्हणजे दोर-कप्प्यांनी अवजड सामान हलवणं, आणि मशिनरी सांभाळणारा भरवशाचा फोरमन कुणी आहे का? मी युसुफला फोन केला. तो घरी मासेमारी करत होता. सलमा दहावीला होती आणि तिला गणितात पैकीच्या पैकी पडत होते. महिनाभरात तो आला.

आमचा कॅम्प दोन वाद्यांच्या मध्ये होता. वादी म्हणजे डोंगरातून उतरणारी कोरडी नदी. वर्षाचे बहुतेक दिवस तिच्यातून ट्रक चालतात. एक वादी रुंद, कॅम्प आणि प्लांट यांच्या मधून जाणारी. दुसरी कॅम्पच्या मागून, अरुंद. मधल्या उंचवट्यावर आमच्या पत्र्याच्या खोल्या, किचन आणि पाण्याच्या टाकीचा लोखंडी मनोरा. माणसं बासष्ट. बीड, सोलापूर, खेड, चिपळूणचे आपले लोक, बाकी आंध्र, केरळ, बांगलादेश, पेशावरकडचे. पहिल्याच संध्याकाळी युसुफ कॅम्पला एक फेरी मारून आला. त्याच्या हातात दोन गोटे होते.

"हे पाण्याने गोल झालेत, मोरे. कॅम्प नदीत बांधलाय."

मी मॅनेजरला लेखी कळवलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, बारा वर्षं इथे आहे, या वादीत गुडघाभर पाणी पाहिलं नाही, कॅम्प हलवायला हेड ऑफिस परवानगी देणार नाही. दुसरं काही हवं तर सांगा. युसुफने दुसरं काही मागितलं: दोनशे मीटर जाड दोर, तेवढीच पातळ नायलॉन दोरी, चार कप्प्या, सहा लिफ्टिंग बेल्ट, चार वॉकीटॉकी. रिगिंगचं सामान म्हणून ते मंजूर झालं. प्लांटच्या बाजूच्या स्टोअरमध्ये त्याने ते लावून ठेवलं आणि दर महिन्याला उन्हात काढून तपासायचा. लोक हसायचे. वाळवंटात होडीवाला, म्हणायचे.

दिवसाचा क्रम ठरलेला. पाचला उठणं, सहाला काम, साडेबाराला जेवण, साडेतीनला स्फोट. भोकं मी आखायचो, दारू भरणं माझ्या देखरेखीखाली. सायरन, मग पाच मिनिटं शांतता, मग डोंगराचा एक तुकडा खाली. त्याचे दगड ट्रकमधून समुद्रात भराव घालायला जायचे. युसुफ व्हील लोडर चालवून ते भरायचा. तिकडे त्या मशीनला सगळे शॉवेल म्हणतात. ऑपरेटर दुसराही होता, पण मोठा दगड अडकला की युसुफलाच बोलवायचे.

तिसरं वर्ष, डिसेंबर महिना. सलमा बारावीला होती. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं, तेही सिव्हिलला. गुरुवारी संध्याकाळी तिचं पत्र आलं. माजी सैनिकांच्या मुलांसाठी कॉलेजात जागा राखीव असतात, फी माफ होते, शिष्यवृत्तीही मिळते. त्यासाठी अब्बांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीची नोंदवही, पाहिजे, निदान त्याच्या दोन झेरॉक्स तरी. रिझल्टच्या आधी कागद तयार ठेवते, असं तिने लिहिलं होतं. युसुफने पत्र मला वाचायला दिलं. मग खोलीत जाऊन डिस्चार्ज बुक घेऊन आला आणि टेबलावर ठेवलं.

"सतरा वर्षं यात आहेत," तो म्हणाला. "मला वाटायचं पेन्शन मिळाली, हिशेब संपला. आता कळतंय, खरा पगार पुढेच आहे."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सुट्टी. सकाळपासून डोंगरावर काळं होतं. आमच्याकडे भुरभुर. साडेअकराला गावात जाणाऱ्या लोकांनी ड्रायव्हरला यल्ला यल्ला, चला चला करून बस भरली. कुणी जुम्म्याच्या नमाजाला, कुणी बाजाराला. युसुफ पिकअप घेऊन त्यांच्या मागे गेला. नमाज पढून झेरॉक्स काढून येतो म्हणाला. त्याला धरून एकवीस माणसं बाहेर. कॅम्पमध्ये मला धरून एक्केचाळीस. काही झोपलेले, काही कपडे धुणारे, किचनपाशी पत्त्यांचा डाव.

एक वाजून चाळीस मिनिटांनी मी आवाज ऐकला. ट्रकचा ताफा यावा तसा. बाहेर आलो. रुंद वादीतून तपकिरी पाण्याची भिंत येत होती, कमरेएवढी, पुढे झुडपं आणि फळ्या लोटत. मी मागच्या वादीकडे पळालो. तिकडून माणसं डोंगरावर चढवता आली असती. तिच्यातही पाणी होतं, आणि ते जास्त जोरात होतं. एक पंचेचाळीसला कॅम्पचं बेट झालं.

मी शिटी वाजवली. सगळ्यांना टाकीच्या मनोऱ्यापाशी घेतलं, तो सर्वात उंच भाग. चार-चारच्या रांगेत जमिनीवर बसवलं. बसलेला माणूस पळत सुटत नाही. मोजले. एक्केचाळीस. मतीन नावाच्या बांगलादेशी कुकच्या पायावर किचनची भिंत पडली होती. फळीला पाय बांधून त्याला टाकीखाली ठेवला. लोक विचारत होते, हेलिकॉप्टर येईल का? मी म्हटलं, मला माहीत नाही. पण मुकादम येईल.

दोन वाजून पाच मिनिटांनी माझ्या कमरेचा वॉकीटॉकी बोलला.

"मोरे साब, मुकादम. प्लांट साइड पे हूँ. आप कितने? ओवर."

"एक्केचाळीस. एक जख़्मी. पानी छाती तक. ओवर."

"पानी और आएगा, साब. ऊपर बारिश चालू है. पुलिस को फ़ोन किया, रास्ता दो जगह टूटा है, टाइम लगेगा. मैं रस्सी डालता हूँ. आपके पास रस्सी बाँधने को होल्डफास्ट?"

"टंकी का टावर. कंक्रीट में है."

"काफ़ी है."

त्यानंतर मला हुकूम द्यावे लागले नाहीत. दोन्ही काठांवर जे करायचं ते आम्ही दोघांनी शेकडो वेळा केलेलं होतं. मधलं पाणी पस्तीस मीटर. एवढ्यावर हाताने दोरी जात नाही. युसुफने शॉवेल सुरू केलं, पाण्यात दहा मीटर आत आणलं आणि बकेटवर चढून पातळ दोरीच्या टोकाला मोठा बोल्ट बांधून फेकला. पहिली फेक कमी पडली. दुसरी पाण्याने नेली. तिसरी किचनच्या पत्र्यावर पडली आणि आमच्यातल्या दोघांनी झडप घालून पकडली. दोन वाजून पंचवीस मिनिटं.

पातळ दोरीने जाड दोर ओढून घेतला. मी तो मनोऱ्याला बांधला. त्याने शॉवेल मागे काठावर नेलं, दोर बकेटच्या दातांना अडकवला आणि बकेट वर उचलली. दोर ताठ झाला. त्यावर कप्पी, कप्पीला बेल्ट, बेल्टमध्ये माणूस बसवायचा. तिकडून युसुफच्या मागोमाग बसने परतलेले लोक ओढणार, रिकामी कप्पी आम्ही परत ओढणार. कागदावर सोपं आहे. पण समोरचा काठ भुसभुशीत होता. शॉवेलची पुढची चाकं हळूहळू धसत होती. दोर ढिला पडू नये म्हणून ते इंच इंच मागे घेत राहावं लागत होतं. त्यासाठी केबिनमध्ये माणूस हवा. दुसरा ऑपरेटर आमच्या बाजूला अडकला होता. युसुफ केबिनमध्ये बसला तो बसलाच.

पहिला माणूस मी बीडचा मारुती निवडला. अंगापिंडाने मजबूत. तो माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, मला पोहायला येत नाही."

"पोहायचं नाही. बसायचं."

दोन पन्नासला तो पलीकडे उतरला आणि ओढणाऱ्यांच्या रांगेत सर्वात पुढे उभा राहिला. नंतर दीड तासाहून जास्त वेळ त्याने दोरी सोडली नाही. दुसऱ्या खेपेला मी मतीनला पाठवला. मग एकामागून एक. एका माणसाला अडीच मिनिटं. दहा गेले तेव्हा खोल्यांच्या पायऱ्या पाण्यात होत्या. वीस गेले तेव्हा शेवटची खोली मागून फुटली आणि आमच्या पेट्या, गाद्या, एक सायकल समोरून वाहत गेली. कुणी ओरडलं नाही. रांगेत बसलेले लोक नंबर आला की उठायचे, बेल्टमध्ये पाय घालायचे, डोळे मिटायचे. मी प्रत्येकाच्या पाठीवर एक थाप द्यायचो आणि आकडा मोठ्याने म्हणायचो. पलीकडून युसुफ तोच आकडा वॉकीटॉकीवर परत म्हणायचा.

चार वाजून सतरा मिनिटांनी आकड्याऐवजी दुसरं काही आलं.

"साब, ज़मीन खिसक रही है."

"पीछे कितनी जगह है?"

"आठ फुट. उसके पीछे पत्थर का ढेर."

"गाड़ी से उतरो. रस्सी पत्थर पे बाँधो. ओवर."

"टाइम नहीं है, साब. ढीली हुई तो बीच वाला पानी में जाएगा. कितने बाकी?"

दोरावर तेव्हा खेडचा एक सुतार होता, पाण्याच्या मधोमध.

"उसके बाद मुझे मिला के चार."

"भेजो."

मी उतरण्याचा हुकूम पुन्हा दिला. तो केबिनमध्येच राहिला. इतक्या वर्षांत माझा हुकूम त्याने मोडला तो त्या एका वेळी. सुतार उतरला. मी पुढच्याला बसवलं. मग उरलेल्या दोघांना, एकेक करून. चार अठ्ठावीसला मी बेटावर एकटा होतो. पाणी माझ्या मांड्यांपर्यंत आलं होतं आणि मनोरा हातांना थरथरताना जाणवत होता. बेल्टमध्ये बसलो आणि हात वर केला.

पाण्यावरून जाताना मी त्याच्याकडे पाहत होतो. काचेतून तो दिसत होता. उजवा हात लिव्हरवर, मान मागे वळवलेली, उरलेली जागा मोजत. मला वाटलं, पोहोचलो की पहिली शिवी त्याला घालायची. चार एकतीसला माझे गुडघे दगडांना लागले. मारुतीने मला ओढून काढलं. बेल्ट अजून अंगावरच होता. मी युसुफला खूण केली: खाली उतर.

त्याने बकेट खाली घेतली. दोर सैल झाला. दार उघडलं. एक पाय शिडीवर ठेवला, आणि खालचा काठ गेला. आवाज मोठा नव्हता. शॉवेल डावीकडे कललं, तो पुन्हा केबिनमध्ये पडला, आणि मशीन कुशीवर पाण्यात गेलं. आम्ही दोर टाकले. मारुती, ज्याला पोहता येत नव्हतं, तो पाण्यात उतरायला निघाला. त्याला तिघांनी धरून ठेवलं. मलाही कुणीतरी धरलं होतं. कोण होतं ते मी आजवर विचारलं नाही.

वेळ चार तेहतीस. सहापर्यंत आम्ही काठाने शोधत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला पोलिसांना तो दीड किलोमीटर खाली मिळाला.

त्याच्या घरी फोन मी केला. पाचव्या रिंगला सलमाने उचलला. मी नाव सांगितल्यावर तिने नेहमीसारखं कसे आहात काका म्हणून विचारलं. मी जे होतं ते सांगितलं, वेळेसकट. फौजेत बातमी अशीच देतात, गोल गोल फिरवत नाहीत. तिने एकच विचारलं.

"काका, अब्बा ड्यूटीवर होते?"

शुक्रवार होता. सुट्टी होती. मशीन चालवणं त्याच्या कामाच्या वेळेत नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "ड्यूटीवर होता."

मग सलमाची आई, रुकय्याभाभी, फोनवर आल्या. मी विचारलं, गावी आणायचं का? त्या म्हणाल्या, तिथेच दफन करा, ती मातीही त्याच देवाची आहे. शनिवारी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर आम्ही त्याला रास अल खैमाच्या कब्रस्तानात ठेवलं. कॅम्पमधली सगळी माणसं होती. मतीनला चौघांनी खुर्चीत बसवून आणलं. अंगावरचे कपडे सोडून कुणाकडे काही उरलं नव्हतं, सगळे तसेच चिखलाचे आले.

त्याची पिकअप काठावरच उभी होती. डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक आणि दहा झेरॉक्स मिळाल्या. सलमाने दोन मागवल्या होत्या.

फेब्रुवारीत तिने बारावीची परीक्षा दिली. कशी दिली हे तिलाच माहीत. गणितात एक मार्क गेला. जूनमध्ये मी रजा काढली आणि सलमा, रुकय्याभाभी आणि मी रत्नागिरीला जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयात गेलो. सलमा माजी सैनिकाची मुलगी असल्याचा दाखला हवा होता. खिडकीतल्या क्लार्कने कागद उलटेपालटे केले. म्हणाला, अर्जावर माजी सैनिकाची सही लागते. मी म्हटलं, ते वारले. मग तो म्हणाला, लढाईत वारले असते तर वेगळा फॉर्म आहे, परदेशात खासगी नोकरीत वारले त्याचं काय करायचं ते मला बघावं लागेल, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात प्रवेश बंद होणार होते. सलमा माझ्या शेजारी सरळ उभी होती. तिने अर्ज खिडकीतून परत घेतला नाही.

मी आतल्या साहेबांना भेटायची परवानगी मागितली. ते रिटायर्ड मेजर होते. मी सॅल्यूट केला, नाव आणि पलटण सांगितली आणि डिस्चार्ज बुक समोर ठेवलं. त्यांनी ते पहिल्या पानापासून वाचलं. घाई केली नाही. मग बेल वाजवून क्लार्कला आत बोलावलं.

"सतरा वर्षं दोन महिने नोकरी," ते म्हणाले. "ती त्यांनी करून ठेवली आहे. माणूस गेला म्हणून केलेली नोकरी रद्द होत नाही. आईची सही घ्या आणि दाखला आजच द्या."

रुकय्याभाभी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सही केली. दुपारी अडीचला दाखला हातात होता.

सलमाला सरकारी कॉलेजात सिव्हिलला जागा मिळाली. फी माफ, हॉस्टेल, वर महिन्याची शिष्यवृत्ती. गावात लोक म्हणतात मोरेंनी मुलीला शिकवलं. ते चूक आहे. मी रत्नागिरीच्या बसची तिकिटं काढली, एवढंच. तिला शिकवलं ते तिच्या बापाच्या नोकरीने. बर्फातल्या पोस्टवर काढलेल्या हिवाळ्यांनी, पुलाखाली कमरेएवढ्या पाण्यात काढलेल्या दिवसांनी. माझ्या डिप्लोमातही त्याचे अडीच महिने आहेत. फौज शिकवते, हे मी आता मुलांना सांगतो तेव्हा हेही सांगतो की ती फुकट शिकवत नाही, पण शब्द पाळते.

कॅम्प नंतर डोंगराच्या वरच्या पायरीवर हलवला. मॅनेजरने स्वतः जागा माझ्याकडून आखून घेतली. मी त्या खाणीवर आणखी सहा वर्षं काढली.

पलटणीच्या सेंटरला मी एकदा पत्र लिहिलं होतं. तिथल्या स्मारकावर कामी आलेल्यांची नावं आहेत. युसुफचं नाव घालता येईल का, असं विचारलं. उत्तर आलं, सभ्य भाषेत. सेवेत असताना वीरगती मिळालेल्यांचीच नावं तिथे कोरली जातात. नियम बरोबर आहे. मी स्वतः जेसीओ, म्हणजे नायब सुभेदार, होतो, मला नियमाबद्दल तक्रार नाही. म्हणून मी हे लिहून ठेवतो आहे.

दोन हजारनंतर सलमा अमिरातीत आली. दुबईजवळच्या जबल अलीत गोदामांचं मोठं काम चाललं होतं, तिथे साइट इंजिनिअर म्हणून. तिच्याकडे ड्रेनेजचं काम होतं. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे जाईल, हे ठरवणारं. तिच्याबरोबरचे लोक म्हणायचे, इथे पाऊस पडतो तरी कुठे? ती पाइपचा आकार मात्र कमी करू द्यायची नाही.

पहिल्या सुट्टीला तिने मला फोन केला आणि आम्ही रास अल खैमाला गेलो. सकाळी नऊचा सुमार होता. तिकडे बायका कब्रस्तानात आत जात नाहीत, तसा रिवाज आहे. भिंत बुटकी आहे, छातीएवढी. ती बाहेर उभी राहिली. आत शेकडो कबरी, सगळ्या सारख्या, मातीचा उंचवटा आणि डोक्यापाशी एक दगड. नावं नाहीत.

"कोणती, काका?" तिने विचारलं.

इथून बोट दाखवून कळलं नसतं. मी आत गेलो. सातवी रांग, डावीकडून अकरावी. मी त्याच्या पायाशी गेलो, तिच्याकडे तोंड केलं आणि सावधान उभा राहिलो, म्हणजे भिंतीपलीकडून तिला अब्बा कुठे आहेत ते दिसावं. तिने डोक्यावर ओढणी घेतली आणि दोन्ही हात पुढे धरले. ऊन चढत होतं. तिची दुआ संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.